रडार आणि वरणफळांचा डबा

बारावीच्या क्लाससाठी लातूरला राहत होतो, तेव्हा मला फिजिक्समधलं एकच प्रकरण पक्कं येत होतं आणि तेही क्लासमुळं नाही. रडार. नेट कॅफेतल्या लढाऊ विमानांच्या गेममुळं.

नांदेड जवळ असून वडिलांनी मला लातूरला टाकलं. आमच्या कंधारकडं तेव्हा घरोघरी वाटायचं, पोरगं लातूरला नेऊन सोडलं की डॉक्टर होऊनच परत येतं. खोलीत आम्ही दोघं. माझा जोडीदार भूकंपातल्या गावचा. भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती, त्यात त्याची आई गेलेली. तो मेसमध्ये जेवायचा. मला घरचा डबा यायचा. आई पहाटे उठून स्वयंपाक करायची, वडील पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडं डबा द्यायचे आणि साडेनऊला तो लातूरच्या स्टँडवर उतरायचा. गावोगावचे कितीतरी डबे तसे यायचे. कंट्रोलरच्या खोलीबाहेर बाकड्याखाली रांग लागायची, प्रत्येक पिशवीवर पोराच्या नावाची पट्टी शिवलेली. आपलं नाव बघायचं, डबा उचलायचा, खोलीवर येऊन ताजं-ताजं खायचं. एवढंच काम होतं मला.

तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. कॅफे नऊला उघडायचा आणि मी दारातच उभा असायचो.

त्या कॅफेत मी म्हणजे गुरुजी होतो. नवी पोरं विमान उडालं की दिसेल त्याला लॉक करायची आणि दोन मिनिटांत मरायची. मी मागून बोंबलायचो, "अरे येड्या, आधी सर्च मोडमधे राहा." सर्चमध्ये रडार अंगण झाडल्यासारखं डावीकडून उजवीकडं फिरतं. सगळी विमानं ठिपके होऊन दिसतात, पण एकाचीही नीट माहिती मिळत नाही. लॉक केलं की एकाचा वेग, उंची, सगळं हातात येतं, बाकीचे ठिपके मात्र पडद्यावरून जातात. शिवाय ज्याला लॉक केलं त्याच्या कानात शिटी वाजते, म्हणजे तोही सावध. म्हणून लॉक शेवटी, मिसाईल सोडायच्या जरासं आधी. आणि आपल्यालाच कुणी लॉक केलं तर त्याला आडवं उडायचं, ना त्याच्याकडं ना त्याच्यापासून लांब. त्याचं रडार आपल्याला हरवून बसतं.

क्लासात सरांनी डॉप्लर शिकवला, वस्तू जवळ येताना-लांब जाताना लाटा बदलतात तो, तेव्हा मी उठून हे आडव्या विमानाचं सांगितलं. सर म्हणाले, "शाब्बास." त्या एका शाब्बासवर मी चार महिने गेम खेळलो. म्हणे हा अभ्यासच आहे! काय ती अक्कल.

डबा उचलायचो दुपारी तीनला. लातूरचं ऊन. वरण आंबलेलं असायचं. स्टँडमागच्या नालीत ओतायचो, नळावर डबा घासायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवायचो. चकचकीत डबा बघून आई गल्लीत सांगायची, पोरगं पुसून खातंय. हे वडिलांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तरी मी सुधारलो नाही. आज लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

एकदा ओतताना जोडीदारानं बघितलं. तो कधी चढ्या आवाजात बोलायचा नाही. नालीतल्या भाकरीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून मी आणत जाईन. मीच खाईन. पण तू हे फेकू नको."

मला लाज वाटायला पाहिजे होती. मला सुटल्यासारखं वाटलं. रोजची कटकट गेली. तो डबा आणायचा, खायचा, घासून परत पाठवायचा, आणि मी वडापाव खाऊन विमानं पाडायचो.

दिवाळीनंतर आई डोळे दाखवायला लातूरला आली. न सांगता, थेट खोलीवर. जोडीदार पळत कॅफेत आला. "मावशी आल्यात. तू लायब्ररीत हायेस म्हणून सांगितलंय. चल."

आई सतरंजीवर बसली होती. म्हणाली, "वाळलास की रे. परवाचं जेवण कसं झालतं?"

"चांगलं झालतं."

"काय होतं सांग बरं."

मी म्हणालो, "मेथी."

जोडीदाराला राहवलं नाही, मला वाचवायला गेला बिचारा. "वरणफळं होती मावशी. लसणाची फोडणी लई भारी होती. मला बी दिली यानं."

आईनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. एवढी मोठी रडारची विद्या, पण त्या नजरेतून आडवं निघता येईना. ती त्याच्याकडंच वळली. त्याला म्हणाली, "बाळा, तुझं पूर्ण नाव ह्या कागदावर लिहून दे." त्यानं लिहून दिलं. तिनं कागद कनवटीला खोचला आणि दुपारच्या गाडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत गेलो नाही. पहिल्यांदाच साडेनऊच्या आत स्टँडवर उभा होतो. गाडी आली, डबे उतरले. सगळ्या पट्ट्या दोनदा वाचल्या, माझं नाव कुठंच नव्हतं. आमच्या घरची निळ्या काठाची पिशवी मात्र होती, नेहमीपेक्षा फुगलेली. तिच्यावर नवी पट्टी, आईचे वेडेवाकडे टाके, आणि नाव माझ्या जोडीदाराचं.

मी हात घातला तर कंट्रोलरनं हटकलं. "हे तुझं नाव हाय का?"

"न्हाई. पण डबा आमच्या घरचा हाय."

"असंल. दोघांचं जेवण हाय म्हणं त्यात. पण ज्याचं नाव त्याच्याच हातात द्या, असा त्या बाईचा निरोप हाय. जा, घेऊन ये त्याला."

मी त्याला बोलवायला खोलीकडं निघालो.