दुकाळातली पायरी

माझा बाप खांद्यावर पोतं टाकून बाजारात फिरायचा, हे सांगताना आजही माझे कान गरम होतात. भीक नव्हती ती, वर्गणी होती. पण हात पुढं आणि तोंडात "देवळासाठी द्या हो" असल्यावर भीक कोणती न् वर्गणी कोणती, हे बाजारातल्या माणसानं ओळखावं तरी कसं?

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या बाजूचं. गावाच्या टोकाला आमची ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या मधोमध दगडी देऊळ. आम्ही देऊळच म्हणायचो, चर्च हा शब्द पाळकसाहेबांच्या तोंडी. मोठ्या दुकाळात गोऱ्या साहेबांनी लोकांना पोटापुरती ज्वारी देऊन ते बांधून घेतलं होतं. पुढं साहेब विलायतेला गेले, मिशनजवळ पैसा उरला नाही, आणि कळवण्यात आलं की तुमचं देऊळ आता तुम्हीच सांभाळा. तोवर सागवानी वाशांना वाळवी लागली होती. छपरावरचे कवेलू घसरून खाली पडत होते. पावसाळ्यात उपासनेला आम्ही छत्र्या उघडून बसायचो.

बाया घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर पीठ बाजूच्या मडक्यात टाकायच्या आणि रविवारी देवळात नेऊन द्यायच्या. त्याची मला लाज नव्हती, ते घरातल्या घरात होतं. पण बाबा म्हणाले, "मुठीनं छप्पर होत नसते." बाबा सुतार. बाजाराच्या दिवशी त्यांनी रंधा खाली ठेवला, पोतं उचललं आणि निघाले. कास्तकाराकडं गेले, कापसाच्या अडत्याकडं गेले, मुसलमान अत्तरवाल्याकडंही गेले. आणि लोक देत होते हो! कोणी पायलीभर ज्वारी, कोणी चार पैसे, कोणी नुसतंच हसून वाटेला लावायचं. बाबा हसणाऱ्यालाही रामराम करून पुढं जायचे.

शाळेत पोरींनी मला फाडून खाल्लं. "काऊन वो, तुहा बाप जोगवा मागून राह्यला?" मी एकीची वेणी धरून ओढली, पण बोललेलं थोडंच परत जातं? घरी येऊन दप्तर आदळलं.

"बाबा, तुम्हाले लाज नाही वाटत?"

"माह्या घरासाठी थोडीच मागतो? लाज कायची?"

"तुम्हाले नाही वाटत, मले वाटते!"

बाबांनी गडव्यातलं पाणी प्यायलं, मिशी पुसली. "बरं बाई. पुढल्या बाजारी तुह्या शाळेवरून नाही जात." आणि खरंच नाही गेले. भरलेलं पोतं घेऊन नाल्याकडून लांबचा फेरा मारून आले. ते पाहून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच सुमारास मला स्थळ आलं. मलकापूरचे एक ठेकेदार होते. ते बाबांसोबत मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले, एका हंडीतल्या कण्या खाल्लेले. आता नागपूर सरकारच्या रस्त्यांचे ठेके घ्यायचे, स्वतःच्या टांग्यात फिरायचे. मुलगा रेल्वेत कारकून. पाहायला आले तेव्हा मी चहा नेला आणि खाली मान घालूनही मुलाचं मनगटावरचं घड्याळ तेवढं पाहून घेतलं. कशाला खोटं बोलू, मला तो आवडला. गोष्ट जवळजवळ ठरलीच होती.

उठता उठता ठेकेदारांची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. "हे कायले?" बाबांनी सांगितलं. ठेकेदार पोट धरून हसले. "अरे, पोतं फेक तिकडं! मी बांधून देतो ना देऊळ. आखंच्या आखं."

वस्तीला तर सणच वाटला. रविवारी उपासना झाल्यावर सगळे देवळातच बसले. ठेकेदारांनी बेत सांगितला. नवं देऊळ मलकापूरच्या सडकेवर, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं, वर टिनाचं छप्पर. जुनं पाडायचं आणि त्याचे दगड, पायऱ्यांसकट, नव्याच्या पायव्यात घालायचे. लोक माना डोलावत होते. मी बायांच्या चटईवर बसून मनात देवाचे आभार मानत होते. पोतं गेलं, जोगवा गेला, आता नव्या देवळात माझं लग्न!

आणि बाबा उभे राहिले. "नाही."

पाळकसाहेबांना वाटलं यांना समजलं नाही. त्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं.

"समजलं मले. छप्पर नवं करा, वासे नवे करा. पण देऊळ पाडायचं नाही, पायरी हलवायची नाही. रोहिणखेडची मशीद किती जुनी हाय? तिले कोणी म्हणते का, चाल वो सडकेवर?"

काही जण हसले. ठेकेदारांच्या मुलानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नजर वळवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी पदर पार नाकापर्यंत ओढला.

ठेकेदारांचा पारा चढला. "पायरीचं काय कौतुक सांगतो बे! अजून लोक आपल्याले 'पायरीवरचे' म्हणतात. माह्या पोराले कचेरीत तोंडावर म्हणतात, तुहा बाप पायरीवर सापडला. मले लाज वाटते त्या पायरीची. थे फुटलीच पाहिजे!"

देवळातल्या माना खाली गेल्या. कारण हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मोठ्यानं कोणी बोलत नसे. दुकाळात लोक आपली लेकरं आणून या पायऱ्यांवर सोडायचे आणि निघून जायचे. सकाळी साहेब उचलून आत न्यायचे. आमच्या वस्तीतली निम्मी म्हातारी माणसं त्याच पायऱ्यांवरची होती. ठेकेदार तिथलेच, बाबाही तिथलेच.

बाबा ओरडले नाहीत. "तू फडक्यात होता," ते ठेकेदारांना म्हणाले. "तुले आठवत नाही. मी चालता-बोलता होतो. मायनं मले दुसऱ्या पायरीवर बसवलं. म्हणे, इथंच बस, हलू नको, मी येते."

मग दाराबाहेरच्या पायऱ्यांकडं पाहून म्हणाले, "इथं देऊळच नसलं, तर थे मले कुठं धुंडणार?"

माझ्या बापाचे केस पिकले होते. रोज काम आटोपलं की तो दुसऱ्या पायरीवर जाऊन बसायचा, आणि आम्ही समजायचो की तिथं गार वाटतं म्हणून बसतो. ती बाई त्याच दुकाळात कुठल्या तरी रस्त्यावर मरून गेली असणार, हे देवळातल्या प्रत्येकाला कळत होतं. बाबांनाही कळत असेलच. 

ठेकेदारांनी फेटा सारखा केला आणि टांग्यात बसून गेले. त्यांच्यामागं माझं स्थळही गेलं. मी खूप रडले. आधी त्या घड्याळवाल्यासाठी रडले, मग कशासाठी रडत होते कोण जाणे. आई पाठीवरून हात फिरवत राहिली, म्हणाली, "मलेबी नव्हतं सांगितलं वो तुह्या बापानं कधी."

पुढल्या बाजारी बाबांसोबत वस्तीतली आणखी म्हातारी माणसं पोती घेऊन निघाली. ज्यांनी जन्मात कधी आपलं मूळ सांगितलं नव्हतं, ते अडत्याच्या दुकानात उभे राहून म्हणत होते, "आमी पायरीवरचे हावोत, छपराले द्या काही." मी गेले का? नाही गेले. शरम अशी चार दिवसांत निघत नाही. मी दाराआडून पाहिलं आणि पोरींच्या भीतीनं दार लोटून घेतलं.

छप्पर मात्र झालं. वासे बाबांनी स्वतः तासले.

पुढं माझं लग्न त्याच देवळात झालं. मुलगा दुसरबीडकडचा, शाळामास्तर. लांबचा पल्ला, म्हणून बैलांची खासर लवकर जुंपली. सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं, आईला भेटून झालं. बाबा दिसेनात. पाहते तर ते दुसऱ्या पायरीवर बसलेले, नव्या धोतरात, हात गुडघ्यावर ठेवून. आमच्यात पाया पडायची पद्धत नव्हती, तरी मी वाकले. आणि सासरी निघालेली कोणतीही पोरगी जे म्हणते, तेच माझ्या तोंडून गेलं.

"बाबा, येते मी."

म्हटलं आणि जीभ चावली. त्या पायरीवर, त्या माणसाला, मी हेच म्हणायचं होतं का?  मला वर पाहवेना.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हाव बाई, ये," ते म्हणाले. "मी हलत नाही."