दुपारच्या बसमधून काहीच येत नाही

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बसस्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर एक गृहस्थ छत्रीसाठी भांडत होते, आणि आत बसलेल्या बाई त्यांना तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होत्या.

"ही छत्री तुमची, हे कशावरून?"

"अहो, काळी आहे ना! माझी छत्री काळी होती. ही काळी आहे. आणखी काय पाहिजे?"

"मागचं कपाट काळ्या छत्र्यांनी भरलंय. त्या सगळ्या तुमच्या का?"

"सगळ्या कशाला माझ्या असतील? वेडा आहे का मी?"

"मग त्यातली नेमकी हीच का?"

"कारण हीच तुम्ही टेबलावर काढून ठेवलीय!"

"ही माझी आहे," बाई म्हणाल्या. "येताना घेऊन आले घरून."

गृहस्थांनी छत्रीकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं, आणि बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू प्रकरणात अजून बोलायला जागा आहे.

बाईंचं वय पन्नाशीच्या पुढे. पूर्वी त्या तिकीट खिडकीवर होत्या. तिथल्या उंच स्टुलावर बसून गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांना इकडे आणून बसवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खोली अरुंद, दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, एक पंखा. पंखा फिरतो, पण वारा भिंतीला लागतो.

इथला नियम साधा आहे. वस्तू आधी दाखवायची नाही, आधी विचारायचं. या नियमानं बाईंना एक गोष्ट शिकवली, आणि त्या गोष्टीनं त्यांचा स्वभाव कायमचा खडबडीत केला. खरा मालक स्वतःच्या वस्तूचं वर्णन फार वाईट करतो. एक बाई हिरव्या पिशवीला निळी म्हणत होती, पण आत अर्धवट विणलेला स्वेटर आहे आणि सुई डाव्या बाहीत खोचलेली आहे, हे तिनं न अडखळता सांगितलं. याउलट एका टापटीप माणसानं एका बॅगेचा रंग, बक्कल, कोपऱ्यावरचा ओरखडा, सगळं धडाधड सांगितलं. आत काय आहे विचारल्यावर म्हणाला, "सामान." तो बॅगेचा मालक नव्हताच. बॅगेशेजारी बसून आला होता.

तेव्हापासून कुणी काही ठामपणे सांगितलं की बाईंच्या कपाळावर आठी उमटते. घरीही सुटका नाही. नवरा एकदा म्हणाला, "मी दाढीला बसलो की लाइट जाते, लक्षात आलंय का तुझ्या?"

"तुम्ही रोज दाढी करता."

"मग?"

"लाइट महिन्यातून दोनदा जाते."

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं," असं म्हणून नवऱ्यानं तोंडाला पुन्हा साबण लावला.

अशा या बाईंच्या तोंडून एक वाक्य गेलं आणि सगळा घोळ झाला. चहाच्या वेळी त्या आगारप्रमुख साहेबांना सहज म्हणाल्या, "हल्ली दुपारच्या बसमधून काहीच येत नाही." त्यात तक्रार नव्हती. कपाटात जागा उरली नव्हती, तेव्हा तेवढाच दिलासा, एवढाच अर्थ.

साहेब नवे होते, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि सुतावरून स्वर्ग गाठला. दुपारच्या गाड्या झाडायला साधारण दोन महिन्यांपूर्वीच नवी सफाई कामगार आली होती. तिला सगळे मावशी म्हणत. आधी ती आगारातली कार्यालयं झाडायची. सकाळी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करावं लागतं म्हणून तिनं दुपारची पाळी मागून घेतली होती. साहेबांनी तिला बोलावून चोर ठरवलं आणि सांगितलं, की महिनाअखेरीपर्यंत काय ते बघू, नाहीतर दुसरीकडे काम शोधा.

मावशी तिथून थेट बाईंच्या खिडकीवर आली. रडून डोळे सुजले होते.

"ताई, दुपारच्या गाड्यांतलं सामान जातं कुठे, असं तुम्ही साहेबांना विचारलंत म्हणे?"

"मी काही विचारलं नाही. काही येत नाही एवढंच म्हणाले."

"एकच झालं की."

"एकच नाही झालं!" बाई ओरडल्या, आणि खिडकीचं दार लावून साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब शांत होते. स्वतःचं बरोबर आहे याची खात्री असलेली माणसं शांतच असतात.

"बाई, सरळ हिशोब आहे. मावशी आली, वस्तू यायच्या बंद झाल्या."

"साहेब, त्याच सुमाराला तुम्हीही आलात."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मी उचलतो?"

"नाही. तेच सांगतेय मी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, म्हणून कावळ्यावर खटला भरतात का?"

"मग ती रडली कशाला? कर नाही त्याला डर कशाला?"

"तुम्ही चोर म्हणालात म्हणून रडली. हसली असती तर?"

"तर निर्ढावलेली आहे, हे कळलं असतं."

"म्हणजे रडली तरी चोर, हसली तरी चोर."

"तुम्हीच बघा आता," साहेब मान डोलावत म्हणाले. आपल्याच बाजूचा एक मुद्दा वाढला असं त्यांना खरोखर वाटलं. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आणि बाई, तुम्ही तिची एवढी बाजू का घेताय? सहज विचारतो."

बाई उत्तर न देता बाहेर आल्या. दिलं असतं तर नोकरी दोघींची गेली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं टेबलावर एक गोणी रिकामी केली. त्यातून एक मोजा निघाला, अर्धा कंगवा, पाण्याच्या चुरगळलेल्या बाटल्या, झाकण नसलेलं पेन, कुणाच्या तरी बुटाची नाडी आणि परवाचा पेपर.

"एकसुद्धा वस्तू सोडली नाही, ताई. घ्या जमा करून. आता कुणी बोलून दाखवावं."

"अगं, हा कचरा आहे!"

"कचरा कुठला आणि सामान कुठलं, हे मी ठरवलं की म्हणणार, मावशीनं ठेवून घेतलं. तुम्हीच ठरवा."

तेवढ्यात साहेब फेरफटका मारत खिडकीशी आले. टेबल पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"बघितलंत? डोळा ठेवल्याबरोबर यायला लागलं! मग आधी कुठे जात होतं?"

"साहेब, हा मोजा आहे. एका पायाचा."

"आज मोजा आहे, बाई. काल काय असेल, कुणाला माहीत?"

साहेब गेले. बाईंनी मोजा उचलून टोपलीत फेकला आणि सगळा राग मावशीवर काढला.

"कुणी सांगितलं होतं तुला गोणी भरून आणायला? मी तिकडे तुझ्यासाठी घसा कोरडा करतेय!"

मावशी खाली पडलेल्या बाटल्या गोळा करत होती. "तुम्हाला तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

"आहे."

"का?"

"का म्हणजे? मागे माझी पर्स पडली होती, ती तू आणून दिलीस."

"त्यात होतं काय? संपलेला पास आणि खोकल्याच्या गोळ्या. ती कोण ठेवून घेणार हो?"

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मावशी नको तिथे खरं बोलली होती. पर्स परत केली म्हणून प्रामाणिक, हेही काळ्या छत्रीचंच गणित. मावशी त्यांना आवडत होती, एवढाच त्यांचा पुरावा. साहेबांना ती आवडत नव्हती, तो त्यांचा. आपण दिवसभर लोकांना जे विचारतो ते स्वतःला विचारायचं राहिलं, याचा बाईंना मनापासून वैताग आला, आणि तो काढायला समोर आता कुणी नव्हतं; मावशी बाटल्या घेऊन केव्हाच गेली होती.

जेवणाच्या सुट्टीत त्या फलाटावर गेल्या आणि दुपारच्या गाडीत चढल्या. बसस्थानकात इतकी वर्षं काढून त्या बसमध्ये क्वचितच बसल्या होत्या. घर स्थानकाच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे पायी जाणं-येणं. साहेब स्कूटरवरून येत. तिकीट खिडकीवरचे दोघे सायकलवरून. प्रवाशांना रोज बसमध्ये चढवणारी ही सगळी मंडळी, पण शेवटचं बसमध्ये कोण कधी बसलं होतं ते कुणालाच आठवलं नसतं.

बाई खिडकीजवळच्या सीटवर बसल्या. जुन्या सवयीनं हातातली पिशवी वर ठेवायला गेल्या, आणि हात हवेतच राहिला. वर फळी नव्हती. गुळगुळीत छत होतं, त्यात दिवे बसवलेले.

"सामानाची फळी कुठे गेली हो?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"नव्या गाड्यांना नसते, मॅडम. सामान मांडीवर घ्यायचं नाहीतर पायाशी."

"नव्या गाड्या कधी आल्या?"

"झाले की दोन महिने. दुपारच्या फेऱ्यांना याच असतात. सकाळी जुन्या." मग तो हसला. "तुम्ही इथंच कामाला ना?"

बाई खाली उतरल्या. कपाटातल्या छत्र्या, डबे, पिशव्या, हे सगळं फळीवर ठेवून विसरलेलं होतं. मांडीवरची पिशवी कोण विसरतं? उठताना ती आपणहून आठवण करून देते. आनंदानं त्या अर्धा फलाट चालून आल्या आणि थबकल्या. कारण पटण्यासारखं होतं. पण पटण्यासारखं तर साहेबांचंही होतं, निदान साहेबांना.

त्यांनी फळीचं सांगितल्यावर साहेब म्हणाले, "मी घरी रोज चष्मा विसरतो. तो काय फळीवर विसरतो?"

"साहेब, एक सांगा. काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की मावशी चोर नाही?"

साहेबांनी विचार केला. प्रश्न त्यांना अवघड गेला असावा, कारण त्यांनी न वाजलेला फोन उचलून पाहिला. "मला काय रिकामा वेळ आहे, बाई?"

"तुम्हाला काहीच करायचं नाही. आठ दिवस पाळ्या बदला. सकाळच्या जुन्या गाड्या मावशीला द्या, दुपारच्या त्या सकाळी झाडणाऱ्या लंबूला. मावशी उचलत असेल तर आता सकाळचं सामान बंद होईल आणि दुपारचं सुरू होईल. होईल ना?"

"होणारच!" साहेब म्हणाले, आणि त्याच खुशीत त्यांनी सही केली.

मावशीनं सासूचं करायला शेजारणीला विनवलं. लंबू मात्र खिडकीवर येऊन तणतणला, "छान! म्हणजे आता दुपारचं नाही आलं की मी चोर."

"तसं झालं तर मी साहेबांशी भांडेन."

"मावशीसाठी भांडलात, त्याचं काय झालं ते दिसतंय," लंबू म्हणाला आणि झाडू खांद्यावर टाकून निघून गेला.

आठ दिवस झाले. सकाळच्या गाड्यांतून मावशीनं छत्र्या आणल्या, जेवणाचे डबे आणले, एक हेल्मेट आणि कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते घड्याळ चालू होतं आणि कपाटात टिकटिक करत होतं. दुपारच्या गाड्यांतून लंबूनं आणला लहान मुलाचा एक बूट.

साहेब टेबलापाशी उभे राहून बराच वेळ बघत होते.

"दोघं मिळालेले तर नसतील?"

"मिळाले असते तर हे घड्याळ इथं कशाला आलं असतं, साहेब?"

साहेबांनी ओठ मुडपले. बाई वाट बघत राहिल्या. माणूस आता काय करेल हे त्यांना कळत नव्हतं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना किंचित आशा वाटली. मग साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"पाटी!"

"कुठली पाटी?"

"अहो, मी आल्या आल्या प्रवेशद्वारावर पाटी लावली नाही का? 'आपले सामान सांभाळा.' लोक वाचतात, सामान सांभाळतात. म्हणून दुपारचं काही येत नाही. मावशीचा काही संबंधच नव्हता!"

प्रवेशद्वार एकच होतं. सकाळचे प्रवासी त्याच पाटीखालून जात, आणि त्यांचेच डबे, छत्र्या आणि हेल्मेट या टेबलावर पडले होते. बाईंनी तोंड उघडलं. साहेबांची नजर घड्याळावर होती. आता एक प्रश्न विचारायचा अवकाश, पाटी पडली असती, आणि पाटी पडल्यावर साहेबांना दुसरं कारण लागलं असतं. ते त्यांना कुठे सापडलं असतं, हे बाईंना चांगलं माहीत होतं.

"हो, साहेब," त्या म्हणाल्या.

"मावशीला सांगा, उद्यापासून पूर्वीसारखी दुपारची पाळी. आणि आणखी एक पाटी रंगवायला टाकतो. मोठ्या अक्षरांत."

संध्याकाळी मावशी खिडकीवर आली.

"काय म्हणाले?"

"राहा म्हणाले. दुपारचीच पाळी."

"म्हणजे कळलं त्यांना?"

"नाही."

"मग?"

"राहा म्हणाले ना? मग राहा."

मावशीनं झाडू भिंतीला टेकवला. "मला चोर म्हणाले होते, त्याचं काय?"

"त्याबद्दल काही बोलले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही."

मावशीनं झाडू पुन्हा उचलला. मग "असू दे, सासूला जेवायला घालायचंय," म्हणून निघाली. तिच्या चालण्यात आनंद नव्हता आणि रागही नव्हता, घाई होती. बाईंनी घड्याळाला चिठ्ठी बांधली, कपाटाला कुलूप लावलं आणि पंखा बंद केला.

दुपारची पहिली गाडी उद्या एक वाजून पाच मिनिटांनी फलाटाला लागते. ती झाडायला मावशी आहे.