चांदा ते सिरोंचा, फूटपट्टीनं एक तास

साहेबांनी नकाशावर फूटपट्टी ठेवली. "चांदा ते सिरोंचा, एक तास. जाऊन परत येण्याइतकं पेट्रोल आहे तुमच्याकडे. निघा."

फूटपट्टीला काय जातं? विमान मला चालवायचं होतं. फ्लाइंग क्लबचं दोन सीटचं विमान, रेडिओ नाही. पुढच्या सीटवर बर्फात ठेवलेली औषधाची पेटी बांधली होती. सिरोंच्याचे जंगल गार्ड मडावी, त्यांच्या पोरीला घटसर्प झाला होता. या आजारात घशात पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. औषध आज आलं तरच पोर हाती लागेल, अशी तिथल्या डॉक्टरांची तार होती. सडकेनं दोन दिवस लागायचे, तेही नदीवर नाव मिळाली तर.

"उतरायचं कुठी?" मी विचारलं.

"नदीच्या वाळूत. खूण म्हणून धूर करायला तारेनं कळवलंय."

मी कपाळाला हात लावला. साहेब मुंबईकडचे, मी ब्रह्मपुरीचा. "साहेब, मोहाचे दिवस आहेत. फुलं वेचाले सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. सारं जंगल धूर करून राह्यलं असन. त्यात तुमचा धूर कोणता?"

"मग जाणार नाही?"

"जातो ना. वापस कधी येईन, ते विचारू नका."

बल्लारपूर मागं पडलं आणि खालचं जंगल पुसल्यासारखं झालं. जिकडं पाहावं तिकडं धूर. कंपास धरून सरळ गेलो असतो, पण वारा तिरपा होता. थोडा जरी भरकटलो तरी सिरोंचा बाजूला राहिलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता. म्हणून विमान खाली आणून वर्धा नदी धरली. पुढं तिला वैनगंगा मिळते, तिथून ती प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते तिथं सिरोंचा. नदी चुकवत नाही, पण वळणं फार घेते. प्रत्येक वळणाला माझं परतीचं पेट्रोल जळत होतं.

काटा अर्ध्याच्या खाली आला. नियमानं तिथूनच फिरायला हवं होतं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण पेटीतला बर्फ वितळत होता आणि तिकडं पोरीचा श्वास कोंडत होता. मी फिरलो नाही.

संगमाजवळ चारी बाजूंना धूर होता. मग वाळूवर पांढरं काहीतरी दिसलं, लांबच लांब. काठाजवळच्या ओलसर, घट्ट वाळूवर त्याच्या कडेनं उतरलो. त्या दवाखान्यातल्या चादरी होत्या. डॉक्टरांनी रोग्यांना उघड्या खाटांवर झोपवून सगळ्या इथं आणून अंथरल्या होत्या.

"धूर दिसला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चांद्यापासून दिसून राह्यला."

मडावींनी पेटी छातीशी धरली. "भाऊ, वाचन ना जी पोरगी माही?" "चला लवकर," म्हणत मी दवाखान्याकडं त्यांच्यामागं पळालो.

इंजेक्शन दिलं तरी रात्रभर तिचा घसा घरघरत होता. सकाळी श्वास मोकळा झाला. पुढं दोन दिवसांनी तिनं आंबील मागितली, तेव्हा मडावी ओसरीत बसून ढसाढसा रडले. मीही डोळे पुसले.

विमान मात्र वाळूतच. आलापल्लीहून पेट्रोलचं पिंप बैलगाडीनं येईपर्यंत मी गोदावरीचे मासे खाऊन कंटाळलो.

चांद्याला परतलो तर साहेब नकाशासमोरच उभे. "मग, किती वेळ लागला?"

"जायला दीड तास. यायला बैलगाडीइतका."

त्यानंतर कोणी विमानाचा वेळ सांगितला की मी आधी विचारतो, परतीचं पेट्रोल कुठं ठेवलंय?