बॅरन बेटाची व्हिडिओ कॅसेट

चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या सुमारास मी डोंबिवलीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. रुखवतावरून कॅमेरा सावकाश फिरवायचा, घास तोंडाशी नेणाऱ्या माणसावर नेमका हॅलोजन मारायचा आणि मिक्सिंगमध्ये नवरीच्या डोक्याभोवती गुलाबाचं फूल गरगरवायचं, एवढीच माझी कला. त्यामुळे माझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं, यांच्या भाचीचं वगैरे ठरलं असणार.

बाई ठाण्याला नौपाड्यात राहायच्या, नुकत्याच रिटायर झालेल्या. खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, "ज्वालामुखीचं शूटिंग करशील का?"

"कुठल्या हॉलवर आहे?" मी विचारलं.

अंदमानजवळच्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी तेव्हा जागा झालेला. तीस वर्षं बाईंनी फळ्यावर तांबड्या खडूने लाव्हा काढला होता, खरा एकदाही बघितला नव्हता. ठाण्याच्या कोळीवाड्यातला त्यांचा एक जुना विद्यार्थी पोर्ट ब्लेअरला बोटीवर कप्तान होता. परवानग्यांचं तो बघणार होता. कॅमेरावाला तेवढा हवा होता. मी हो म्हणालो, कारण बाईंना नाही कसं म्हणतात ते मला शाळेतही कधी जमलं नव्हतं.

बाईंनी तयारी सहलीसारखी केली. ओले करून तोंडाला बांधायला पंचे, पोहण्याचे चष्मे, कॅमेऱ्यावर घालायला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या. शिवाय दोन स्कूटरची हेल्मेटं, जी विमानात मांडीवर घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं.

पोर्ट ब्लेअरहून बोट संध्याकाळी निघाली. वाटेत मी पोटातलं सगळं समुद्राला देऊन टाकलं. कप्तान माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, दांडगा माणूस, पण बाईंसमोर हात मागे बांधून उभा राहायचा. पहाटे त्याने मला उठवलं. समोर काळं बेट, त्याच्या मधोमध शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकातून थांबून थांबून लाल ठिणग्या उडत होत्या. आवाज थोडा उशिरा यायचा, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवल्यासारखा.

बाईंनी आधी वारा बघितला, मग बेट. "वारा ईशान्येचा आहे. राख नैर्ऋत्येला जाणार. आपण वायव्येला राहायचं. तिथून कडा फुटलेला आहे, लाव्हा उतरताना दिसेल आणि अंगावर काही येणार नाही."

मी हेल्मेट घालून कॅमेरा खांद्यावर घेतला, तर डोळा व्ह्यूफाइंडरला लागेना. "बाई, काढू का?"

"काच वर कर. डोकं आत राहू दे, त्यात काही असेल तर."

ट्रायपॉड उभा राहीना, म्हणून मी कठड्याला पाठ लावून गुडघ्यांत वाकलो आणि बोट हलेल तसा हलत राहिलो. ऑटोफोकसला धूर कळत नव्हता, तो बंद केला. हळूहळू उजाडलं. लाव्हा समुद्रात पडत होता, तिथून पांढरी वाफ उठत होती. पण माझ्या फ्रेममध्ये डोंगर एवढासा दिसत होता. मी घोड्याच्या पायांत शिरून वरात शूट केलेला माणूस.

"जरा जवळ जाऊया का?" मी कप्तानाला हळूच म्हणालो. त्यालाही खुमखुमी होतीच.

"बाई, थोरा फुरं नेऊ का?" त्याने त्याच्या कोळी बोलीत विचारलं.

"तुम्हा दोघांना भूगोलात किती मार्क होते, मला आठवतंय," बाई म्हणाल्या. "बोट इथेच राहील. इंजिन बंद करायचं नाही आणि तोंड बाहेरच्या बाजूला ठेवायचं."

कप्तानाने गुपचूप बोट वळवून धरली. मला राग आला. पंधराएक मिनिटांनी बेटाजवळच्या पाण्यात शिंतोडे उडायला लागले. दगड पडत होते. आम्हाला जायचं होतं साधारण तिथेच. कप्तानाने माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग मोठा स्फोट झाला. काळा लोट फुलकोबीसारखा वर वर गेला, कठडा पाठीला थरथरताना जाणवला. आणि मी काय केलं, तर कॅमेरा वळवून बाईंवर नेला. अंतरपाट दूर झाला की नवरीच्या आईचा चेहरा घ्यायचा, ही हाताची सवय. बाई उभ्या होत्या, हेल्मेट तिरकं झालेलं, तोंड उघडं, गालांवरून पाणी. मी तो चेहरा मिनिटभर सोडलाच नाही. परत वळलो तोवर लोट पसरून नुसता ढग झालेला.

डोंबिवलीला दुकानात कॅसेट लावली तेव्हा बाई चिडल्या. "अरे, मी ज्वालामुखी बघायला गेलेले, स्वतःचं केळवण करून घ्यायला नाही. आणि रडत नव्हते मी. राख गेली डोळ्यात."

"राख तर नैर्ऋत्येला जात होती, बाई."

बाईंनी हात पुढे करून टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "तेवढं काप."

मी कापलं नाही. कॅसेट घेऊन आम्ही शाळाशाळांतून जायला लागलो. मी टीव्ही-व्हीसीआर रिक्षात घालायचो, बाई पुढे चालायला लागायच्या. तो चेहरा आला की पोरं हसायची. बाई पहिल्या दोन-तीन वेळा खाली बघायच्या, नंतर स्वतःच म्हणायला लागल्या, "ही बाई बघा, किती घाबरली आहे."

कल्याणजवळच्या मोहन्याच्या शाळेत कॅसेट लावली आणि पाचव्या मिनिटाला लाइट गेले. पोरं आरडाओरडा करायला लागली. बाई उठल्या, खिडक्या उघडायला लावल्या आणि सांगायला सुरुवात केली: ठिणग्या, वाफ, पाण्यात पडणारे दगड. सांगता सांगता त्यांनी सांगितलं, की हा मागे बसलेला कॅमेरावाला बोट पुढे न्या म्हणत होता आणि मी नको म्हणाले म्हणून तो आज इथे बसलाय. सगळ्या वर्गाने वळून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडून मान डोलावली.

लाइट तासाभराने आले. कॅसेट पुढे लावा, असं कुणीच म्हणालं नाही.