मर्लिताने मिळवलेला शनिवार

बारोताकची पोरगी बास्केटबॉलवाल्यांच्या गावात दिली ही तिच्या माहेरच्या ब्रेतान्या घराण्याची चूक, पण गेली बावीस वर्षं ती भोवतेय त्या गावाला.

बारोताक म्हणजे काय हे आमच्या इलोइलो प्रांतात कुणाला सांगावं लागत नाही. भर चौकात फुटबॉलचं मैदान. पोर चालायला लागलं की पहिली लाथ चेंडूलाच. मर्लिता त्याच मातीतली. तिला डाव्या पायानं चेंडू मारायला शिकवलं ते थोरल्या भावानं. ती स्वतः हे कधी सांगत नाही, म्हणून इथं सांगून टाकलेलं बरं.

सासर समुद्राकाठचं, मासे सुकवणाऱ्यांचं. माणसं चांगली, पण डोक्यात बास्केटबॉल भरलेला. गावात पत्र्याचं छत घातलेलं कोर्ट एकच. लग्नं तिथंच, सभा तिथंच, लस टोचायची तीही तिथंच, पण सगळं बास्केटबॉलच्या वेळा सांभाळून. त्या कोर्टासमोर मर्लिताची खानावळ. तिच्या हातचं बाचोय, म्हणजे शेवयांचा रस्सा, खायला शहरातून माणसं येतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

देशाची पुरुषांची फुटबॉल टीम हनोईत जिंकली त्या दिवशी आनंदाच्या भरात तिनं रश्शात दोनदा मीठ घातलं. गिऱ्हाइकं कुरकुरली तर म्हणाली, आज खारटच खायचं. पोरींची टीम पेनल्टीवर जिंकून वर्ल्डकपला पात्र ठरली तेव्हा खानावळच बंद ठेवली, आणि का बंद म्हणून विचारायला आलेल्या प्रत्येकाला रस्त्यावर उभं करून सगळ्या पेनल्ट्या मारून दाखवल्या. शेजारच्या कोंबडीच्या खुराड्याची फळी त्यातच गेली.

तिचं मागणं एकच होतं. शनिवारी सकाळी दोन तास ते कोर्ट गावातल्या मुलींना फुटबॉलसाठी मिळावं. तीन वर्षं ती मागत होती आणि तीन वर्षं गावाचा कॅप्टन, म्हणजे सरपंच, रेमिहियो नाही म्हणत होता. सगळे त्याला 'काप' म्हणतात. या कॅप्टनची उंची सव्वापाच फूट आणि बोलणं सात फुटांचं. तरुणपणी म्हणे त्यानं एकदा अर्ध्या कोर्टावरून बास्केट टाकली होती. ती बघितलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही.

वर्ल्डकप लागला. पहिल्याच सामन्यात आपल्या पोरी दोन गोलांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी कॅप्टन मुद्दाम खानावळीत येऊन बसला आणि दोन वाट्या रस्सा पिऊन होईपर्यंत टोमणे मारत राहिला. पुढचा सामना न्यूझीलंडशी, त्यांच्याच घरच्या मैदानावर. मर्लिताला काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"काप, मंगळवारचा सामना कोर्टात सगळ्या गावाला दाखवू. जिंकल्या तर शनिवार माझा."

"आणि हरल्या तर?"

"तर मी पुन्हा फुटबॉलचा फ काढणार नाही."

"बरोबरी झाली तर?"

"तरी नाही काढणार."

आता हे वर्ल्डकपमध्ये आपल्या देशानं कधी एक गोलसुद्धा केलेला नसताना बोललेलं. कॅप्टननं हसत हसत वाटीतला रस्सा संपवला आणि हो म्हणाला. चार वाजता त्याच कोर्टात गावच्या बास्केटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता, त्याआधी आवरायचं एवढीच अट घातली.

मंगळवारी दुपारी दीडला कोर्ट भरलं. गाण्याच्या मशीनवाल्याचा मोठा टीव्ही एका टोकाला, टेबलावर. दुसऱ्या टोकाच्या बास्केटवर मर्लितानं स्वतः शिवलेला देशाचा भलामोठा झेंडा. तो बांधायचं काम नवऱ्याला, ओसमुंडोला दिलं होतं. ओसमुंडो जहाजावरचा खलाशी, सुट्टीवर आलेला, गाठी मारण्यात पटाईत.

चोविसाव्या मिनिटाला चेंडू उंच आला आणि आपल्या पोरीनं डोक्यानं आत घातला. कोर्टात काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही. बास्केटबॉलची पोरं पोशाख घालूनच बसली होती, ती एकमेकांच्या अंगावर पडली. मर्लिता मात्र जागची हलली नाही. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसून राहिली, कारण अजून सहासष्ट मिनिटं बाकी होती आणि शनिवार अजून कॅप्टनच्याच खिशात होता.

मध्यंतराला कॅप्टन पाय मोकळे करायला उठला, मागं वळला आणि थबकला. झेंडा उलटा होता. लाल वर, निळा खाली.

आपल्याकडे याचा अर्थ एकच, देश युद्धात उतरला. शाळेतल्या पोराला माहीत असतं. पंचवीस वर्षं जहाजावर काढलेल्या ओसमुंडोनं नेमका तोच घोळ घातला होता, आणि सगळ्यांची पाठ तिकडे असल्यानं कुणाला दिसला नव्हता. कॅप्टनचं तोंड उतरलं. कुणी फोटो काढून फेसबुकवर टाकला तर नगरपालिकेत उत्तर त्यालाच द्यावं लागणार. आत्ताच्या आत्ता सरळ करा, नाहीतर टीव्ही बंद, असं त्यानं जाहीर केलं.

ओसमुंडो पुढं झाला तर मर्लितानं त्याला हातानं अडवलं. "तुम्ही बसा. एकदा केलंत तेवढं पुरे." त्यानं पुटपुटत सांगितलं की जहाजावर झेंडा चढवायचं काम दुसऱ्याचं असतं.

शिडी शाळेतून यायला वेळ गेला. तोवर उत्तरार्ध सुरू होऊन चांगली पंधरा मिनिटं झाली होती. मर्लिता वर चढली. शिडीचा एक पाय आखूड, म्हणून ती धरायला खुद्द कॅप्टन. गाठी अशा की नखं तुटतील पण सुटणार नाहीत. मान वळवून बघावं तर एवढ्या लांबून टीव्हीवर नुसता हिरवा चौकोन दिसायचा. पोटात असल्यापासून फुटबॉल बघणारी ही बाई आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना पाठीनं ऐकत होती.

शेवटची गाठ सोडून, झेंडा फिरवून, ती पुन्हा बांधत असताना कोर्ट एकदम शांत झालं. तीनशे माणसं असूनही छतावरच्या चिमण्या ऐकू आल्या.

"काप, काय झालं?"

न्यूझीलंडनं गोल केला होता. बरोबरी. मर्लितानं झेंड्याच्या कापडात कपाळ टेकवलं. मग कुणीतरी ओरडलं की थांबा, पंच पुन्हा तपासतायत. किती वेळ गेला देव जाणे. आणि एकाएकी अख्खं पत्र्याचं छत दणाणलं. ऑफसाइड. गोल रद्द.

झेंडा आता सरळ झाला होता, निळा वर. मर्लितानं खाली उतरायला पाय टाकला तर कॅप्टननं खालून तिची टाच धरली.

"उतरू नकोस, इंदाय, बाई माझे."

"का?"

"तू वर आहेस म्हणून रद्द झाला. जशी आहेस तशी राहा."

गावानं ते उचलून धरलं. मागच्या रांगेतल्या बायकांनी वळून तिला दटावलं, हलशील तर बघ. ओसमुंडोनं टाळ्यांसाठी वर केलेले हात तसेच ठेवले, त्यालाही कुणी खाली करू देईना. मग मर्लिता शिडीवर, एका हातानं बास्केटचं कडं धरून, आणि खाली कॅप्टन शिडीला बिलगून डोळे मिटलेला. प्रत्येक मिनिटाला तो विचारायचा, किती राहिलं? पैज आपण कुणाविरुद्ध लावलीय हे तो साफ विसरला होता. अगदी शेवटी न्यूझीलंडचा फटका थेट गोलकडे आला आणि आपल्या गोलकीपरनं तो अडवला, तेव्हा कॅप्टनच्या तोंडून जी शिवी गेली ती पाद्रीबाबांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

शिट्टी वाजली. एक-शून्य. माणसं रडत होती, नाचत होती. मर्लिता वरूनच म्हणाली, "काप, शनिवार. सहा वाजता."

"अगं, आधी उतर. दहाला ये."

"सहा."

"पोरं नऊला सराव करतात."

"मग सात ते नऊ. नाहीतर मी इथंच बसते, तुमचा उपांत्य सामना बघते कसा होतो ते." आणि तिनं कड्याला मिठी मारली.

कॅप्टनचे हात भरून आले होते. सात, म्हणाला, फक्त उतर. तेव्हा कुठं ती उतरली.

शनिवारी मुली आल्या एकोणीस. अर्ध्या अनवाणी, दोघींनी तर भावाचे बास्केटबॉलचे बूट पळवून आणलेले. गोलचे खांब म्हणून मर्लितानं पाण्याची पिंपं उभी केली. पोरं साडेआठपासूनच पायरीवर येऊन बसली, तोंडं वाकडी करून, घड्याळाकडे बघत. पावणेनऊला त्यातला एक उठला आणि पिंपाजवळच्या मुलीला सांगू लागला की अशी उभी राहू नकोस, चार पावलं पुढं ये. मर्लितानं त्याला तिथून हाकललं. म्हणाली, "शिकवायचं असेल तर आधी नाव लिहून दे. पुढच्या शनिवारी सातला ये, आणि झाडू घेऊन ये."