डाव्या हाताच्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवाला सांगितलं असेल म्हणाल — तर तिथेही मी आडून आडून, दुसऱ्याच कुणाची चूक असल्यासारखं बोलत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण आता टाळायला जागा उरलेली नाही.

आमच्या तरुणांच्या वर्गातल्या चिठ्ठ्यांच्या डब्याला यंदा वीस वर्षं होतात, म्हणून मुलं हस्तलिखित अंक काढताहेत. वर्गाचा चिटणीस थॉमस परवा कोरे कागद घेऊन शाळेत आला. चिटणीस झाल्यापासून त्याने मिशी राखली आहे, त्यामुळे तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

"बाई, डाव्या हाताचा नियम तुम्हाला कसा सुचला, तेवढं लिहा. दीड पान पुरे. जास्त झालं तर माझी कविता बाहेर जाईल."

"मग चार पानं लिहिते," मी म्हटलं.

तो हसत गेला. दीड पान लिहायला मला अर्धा तास लागला असता. ती हकिगत मी इतक्यांदा सांगितली आहे, की आता ती माझी मलाच खरी वाटते. पण या वेळी कागद पुढे घेतला, आणि — नाही. लिहिलंच गेलं नाही.

नियम आधी सांगते. बेळगावात आमच्या ख्रिस्ती देवळाच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी पंधरा ते पंचवीस वयाची मुलंमुली जमतात. दाराशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो, झाकणाला फट पाडलेली. ज्याच्या मनावर जे ओझं असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं आणि फटीतून टाकायचं. नाव घालायचं नाही. मी चिठ्ठ्या मोठ्याने वाचते, सगळे मिळून त्या न कळलेल्या माणसासाठी प्रार्थना करतात, आणि मग चिठ्ठ्या चुलीत जातात. आणि लिहायचं ते डाव्या हाताने — म्हणजे सगळ्यांचंच अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं होतं, आणि कुणाचं कुठलं ते कळत नाही. डावखुरा दावीद तेवढा उजव्याने लिहितो. त्याने पहिल्याच दिवशी अर्ज केला होता, "बाई, माझे दोन्ही हात सारखेच वाईट आहेत, मला सूट द्या." सूट दिली नाही.

पाहुणे येतात, या नियमाचं कौतुक करतात. मुलांचा विश्वास कसा जपावा हे या बाईंकडून शिकावं, असं एका मोठ्या सभेत माझ्या तोंडावर म्हटलं गेलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

डबा कसा आला, ते तरी सरळ सांगता येतं. मानमोडीच्या, त्या जीवघेण्या तापाच्या साथीच्या आधी आमचा वर्ग म्हणजे वचनं पाठ करणं, गाणी बसवणं आणि ख्रिस्तजयंतीचं नाटक. त्यात मेंढपाळ व्हायला कुणी तयार नसे, सगळ्यांना राजेच व्हायचं असे. मग साथ आली. शाळा बंद, उपासना बंद, वडगावात एरवी घरोघर चालणारे माग बंद. त्या गल्लीतून जाताना आपल्याच चपलांचा आवाज येई. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला नुसतं बसवत नसे. मी मुलांच्या जोड्या लावल्या. कुणी तांदूळ मागून आणायचे, कुणी लाकडं फोडायची, आणि घरोघर उंबऱ्याशी ठेवून यायचं. शिजवलेलं आमच्या हातचं विणकरांच्या घरी चालणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण वडगावच्याच एका म्हातारीने चौथ्या दिवशी रूथला हाक मारली.

"एऽ पोरी, तांदूळ टाकून पळतीस, शिजवायला हिथं उठून उभं कोण ऱ्हातंय? पेज करून आण. आन् मीठ घाल जरा. तुमच्या लोकांत मीठ कमी खात्यात म्हणं."

रूथ हसत हसत सांगत आली. त्या दिवसांतही आम्ही हसलो होतो, हे मला आवर्जून लिहायचं आहे. फार गुणी मुलं होती ती. अजूनही एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो — हातात लाकडं, नाकाला कापूर लावलेला फडका.

रूथचा बाप वडगावात मागावर बसायचा. तिची जिवाभावाची मैत्रीण सरला. सरलाचे वडील आमचे सुवार्तिक, गावोगाव ख्रिस्ताचं वचन सांगत फिरणारे; सगळे त्यांना आप्पा म्हणत. दोघी सतरा-अठराच्या. दोघींना मीच शाळेत अक्षरं शिकवली होती. सरलाचा आवाज गोड, वर्गात पहिली प्रार्थना नेहमी तीच करायची. साथीत तिचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ बाळू गेला. आप्पा तिसऱ्या दिवशी कामाला लागले आणि भेटेल त्याला सांगू लागले, माझी सरला खंबीर आहे, तिच्या डोळ्याला पाणी नाही.

साथ ओसरल्यावर वर्ग पुन्हा भरला. एकही घर असं नव्हतं, की जिथली जागा रिकामी झाली नाही. मुलं वचनं चोख म्हणत, गाणी म्हणत आणि घरी जात. बोलत कुणीच नसे. अशा मुलांना नाटकं आणि पाठांतरं देऊन काय करायचं? म्हणून मी डबा ठेवला. आणि सगळ्यांसमोर शब्द दिला — कुणी लिहिलं हे मी शोधणार नाही, ओळखणार नाही, कुणाजवळ बोलणार नाही.

तिसऱ्या रविवारी एक चिठ्ठी निघाली. "प्रार्थना करताना माझे ओठ हलतात, आत काहीच नसते. बाळू गेल्यापासून असे आहे." दुसरं वाक्य मी वाचताना गाळलं, नाहीतर कुणी लिहिलं ते सगळ्यांना कळलं असतं. शेवटी होतं, "घरी कळू नये. माझ्याऐवजी तुम्ही करा." बाळूचं नाव नसतं तरी मला कळलं असतं. तिला अक्षरं मी शिकवलेली. तिच्या 'ळ'चा तो पोट सुटलेला आकार मी शंभर पाट्यांवर दुरुस्त केला होता.

त्या दिवशी मुलांनी त्या न कळलेल्या माणसासाठी जी प्रार्थना केली, तशी मी पुन्हा ऐकली नाही. रूथ तर हुंदके देत होती. सरलाचे खांदे सैल झाले होते. घरी जाताना ती रूथच्या हातात हात घालून गेली. डबा कामाचा ठरला होता. मी तिथेच थांबायला हवं होतं.

मंगळवारी आप्पा शाळेच्या व्हरांड्यात भेटले. पुन्हा तेच — माझी सरला खंबीर. आणि मी बोलले. काय म्हणून बोलले? मुलीला आधार मिळावा म्हणून, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते थोडं खरं आहे. जास्त खरं हे, की ज्या मुलीबद्दल तिचा बाप इतक्या खात्रीने बोलत होता, तिच्या मनातलं त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला होतं. ते मला पोटात ठेवता आलं नाही. मी चिठ्ठीचं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "माझं नाव घेऊ नका."

आप्पा भला माणूस. त्यांनी माझं नाव मरेपर्यंत घेतलं नाही. पण बुधवारच्या प्रार्थनासभेत, भरल्या देवळात, त्यांनी गुडघे टेकले आणि आपल्या सरलाचा हरवलेला विश्वास तिला परत मिळावा म्हणून रडून प्रार्थना केली. नाव घेऊन. पदर डोक्यावर ओढून सरला भिंतीसारखी बसली होती.

सरलाने आपलं गुपित दोनच ठिकाणी सांगितलं होतं. डब्यात, आणि रूथला. रूथ सोमवारी चाळण परत द्यायला त्यांच्या घरी गेली होती आणि आप्पांशी दोन शब्द बोलून आली होती. सरलाला एवढं पुरे झालं.

पुढच्या रविवारी ती चटई उचलून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. वर्ग सुटल्यावर दोघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रूथचा चेहरा सुजला होता.

"बाई, म्या न्हाय सांगितलं. आईशपथ न्हाय. तुमी तरी सांगा हिला."

शपथ घेऊ नये, असं मी तिला सुनावलं. होय, त्या क्षणीही मला ते सुचलं.

सरलाने माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुम्ही अक्षर ओळखलं होतं का?"

खरं सांगायला एक शब्द लागला असता. मी म्हटलं, "मी अक्षरं बघत नाही. वाचते आणि जाळते."

इथवर म्हणाल, भित्रेपणा झाला, माणसाच्या हातून होतो. पण मी इथे थांबले नाही. ते भांडण मला मिटवायचं होतं, लवकर, नीटनेटकं, जसं मी सगळंच करते. मी सरलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे, सरला. क्षमा कर तिला."

त्या एका वाक्याने मी रूथला गुन्हेगार करून टाकलं. सरलाने मान हलवली. रूथ माझ्याकडे बघत राहिली. तिला त्या क्षणी कळलं, असं मला वाटतं. ती चलाख होती. पण ती एवढंच म्हणाली, "बरं बाई," आणि चटया गोळा करायला लागली. त्या दिवशी चटया उचलायची पाळी तिची होती.

डाव्या हाताचा नियम मी त्याच्या पुढच्या रविवारी सांगितला. मुलं खूष झाली, वाकडी अक्षरं एकमेकांना दाखवायला लागली. तुमचं गुपित आणखी पक्कं राहावं म्हणून, असं मी कारण दिलं. खरं कारण हे, की सरलाने पुन्हा तो प्रश्न विचारू नये. कुलूप मी चोरी झाल्यावर लावलं, आणि चोर मीच.

रूथ आणखी चार-पाच रविवार आली. डब्यात तिने एकदाही चिठ्ठी टाकली नाही. मग यायची बंद झाली. पुढे निपाणीला दिली. नवरा तंबाखूच्या वखारीत आहे. त्या बाजूला गेले की मी तिच्याकडे उतरते. ती कॉफी करते, चांगली खुर्ची मला देते आणि न चुकता विचारते, "सरला बरी हाय न्हवं?" मी म्हणते, बरी आहे. मग ती कप उचलून आत जाते. आप्पा वारले तेव्हा मला — लिहितेच — सुटल्यासारखं वाटलं.

सरलाच्या प्रार्थनेत पुन्हा काही आलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तो अधिकार माझा राहिला नव्हता. ती इथेच शिक्षिका आहे, वर्गात मला मदत करते, मुलं तिच्यावर जीव टाकतात. आणि दर वर्षी एकदा ती मुलांना एक गोष्ट सांगते — तिच्या जवळच्या मैत्रिणीने तिचं गुपित कसं फोडलं, आणि बाईंच्या सांगण्यावरून तिने तिला कशी क्षमा केली. नाव सांगत नाही. मी शेजारी बसून ऐकते. कितीतरी वर्षं मी ती गोष्ट ऐकते आहे.

या जूनपासून रूथची थोरली बेळगावात बोर्डिंगात आली. रविवारी आमच्या वर्गाला येते. आईसारखीच, हसताना तोंडावर हात धरते. गेल्या महिन्यात सरलाने गोष्ट सांगितली तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. वर्ग सुटल्यावर चटया उचलता उचलता तिने मला विचारलं, "बाई, ती मैतरीण कोण व्हती वो? लई वाईट असंल."

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे."

म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी जे केलं, तेच अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा केलं. आणि या वेळी तिच्या मुलीच्या तोंडावर.

थॉमस, दीड पानाच्या पुष्कळ पुढे गेले आहे. तुझी कविता राहू दे, हवं तर चित्रं काढून टाक. यातली ओळ मात्र गाळायची नाही. सरलाला आणि निपाणीला द्यायच्या दोन प्रती मी स्वतः उतरवून काढल्या आहेत. हस्तलिखित निघायच्या आधी त्या दोघींकडे पोचतील.

सरलाची चिठ्ठी मी ओळखली. आप्पांना मी सांगितलं. रूथने सांगितलं नव्हतं. विचारल्यावर मी खोटं बोलले, आणि जिचा काही दोष नव्हता तिला क्षमा करायला लावली.

हे मी उजव्या हाताने लिहिलं आहे. दोघींनी माझ्याच कित्त्यावरून अक्षरं गिरवली. अक्षर कुणाचं ते त्यांना कळेल.