मेहुण्याला हप्त्यावर न मिळालेला फोन

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी म्हणायचो, कशाला उकरून काढायचं. नंतर म्हणायला लागलो, वेळ बघून सांगू. मग गेल्या वर्षी माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गेला आणि वेळ बघायचं कारणच उरलं नाही. आता निदान त्याच्या मुलाने हे वाचावं. माझ्या बायकोनेही वाचावं, कारण तिलासुद्धा मी यातलं काही सांगितलेलं नाही.

मेहुणा कांजूरमार्गला राहायचा आणि मुलुंड, भांडुप, घाटकोपर अशी रिक्षा चालवायचा. माणूस शेवटपर्यंत मालवणीच बोलला. त्याच्या जुन्या फोनची काच उभी तडकली होती. पॅसेंजर उतरताना स्कॅनर मागायचे आणि पैसे आल्याचं याला धड दिसायचं नाही. त्याने सात हजार रुपये जमवले आणि मला विचारलं, कुठला फोन घेऊ. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेलो. कागदपत्रांचं काही असलं की सासुरवाडीची माणसं माझ्याकडे यायची आणि मला ते आवडायचं. मी त्याला म्हटलं, सात हजारात कचरा येतो. ते सात हजार आधी भर, पंधराचा फोन घे, बाकीचे हप्त्याने दे. मी येतो बरोबर.

म्हणजे हप्त्याचं खूळ माझंच. त्याला रोख देऊन मोकळं व्हायचं होतं.

घाटकोपरच्या त्या दुकानात आमचे अडीच तास गेले. भिंतीवर मोठ्या अक्षरात बिनव्याजी हप्ते असं लिहिलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने हिशोब मांडला तेव्हा त्यात फाइल चार्ज निघाला, फाइल चार्जवर टॅक्स निघाला, काच फुटली तर म्हणून विमा निघाला आणि कसलं तरी मेंबरशिप कार्ड निघालं. कार्ड नको म्हटलं तर म्हणे सिस्टीम पुढे जात नाही. मी तिला विचारलं, बिनव्याजी ते नेमकं कुठलं? तिने तोच कागद पुन्हा वाचून दाखवला, तितक्याच गोड आवाजात. करार अकरा पानांचा. मी तो वाचायला घेतला तेव्हा मागच्या गिऱ्हाइकाने मोठा उसासा टाकला.

मग मेहुण्याचा फोटो. हा खाकी शर्टात ताठ उभा. मुलगी म्हणाली, काका, डोळे मिचकवा. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवल्यावर त्याने एकच डोळा मिचकावला. तो फोटो बाद. दोन्ही, काका, दोन्ही. मग ओटीपी आला तो त्याच्याच फुटक्या फोनवर आणि चौथा आकडा नेमका तड्याखाली. तीन की आठ यात दोनदा चुकलो. तिसऱ्या वेळी तो मी उन्हात नेऊन वाचला.

एवढं सगळं झाल्यावर स्क्रीन लाल झाली. मुलगी म्हणाली, रिजेक्ट झालंय. स्कोर कमी आहे, यांच्या नावावर जुन्या कर्जाचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय.

मेहुणा म्हणाला, "मी जन्मात कर्ज काढूक नाय. रिक्षासुद्धा सेकंडहँड, रोखीन घेतलंय."

तिला पुढचं काही दिसत नव्हतं. मागच्या गिऱ्हाइकाला मात्र सगळं ऐकू गेलं होतं. बाहेर आल्यावर मी इतका वैतागलो होतो की तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, हल्लीची पोरं मोबाइलवरून कर्ज काढतात, घरातलं आधार आणि पॅन वापरून. तुझा मुलगा बघ. तेवढं बोललो ते रागाच्या भरात आणि त्या वेळी मला तसं खरंच वाटतही होतं. त्याच महिन्यात त्याच्या मुलाने महागाचे बूट घेतले होते.

चार दिवसांनी तो दिंडोशीला आमच्या घरी आला. झेरॉक्सवाल्याकडून त्याने स्वतःच्या नावाचा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट काढून आणला होता. बायको बाजारात गेली होती. तो सोफ्याच्या कडेवर बसला आणि कागद माझ्यापुढे धरले.

"भावोजी, माका ता इंग्रजी कळना नाय. तुमी वाचून सांगा."

तिसऱ्या पानावर ते होतं. एका सहकारी बँकेचं नाव आणि पुढे त्या कर्जाशी मेहुण्याचं नातं, जामीनदार. माझंच कर्ज. माझ्या मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी काढलेलं. त्या वेळी फॉर्म घेऊन मी त्याच्या रिक्षाजवळ गेलो होतो आणि त्याने न वाचता रिक्षाच्या टपावर ठेवून सही केली होती. बहिणीच्या नवऱ्याने सही मागितली की त्यांच्याकडे कारण विचारत नाहीत. पुढे मी निवृत्त झालो, हप्ते थकले आणि बँकेत खेटे घालून मी कमी रकमेत सेटलमेंट करून घेतलं. बँकेला कसं नमवलं ते मी लग्नकार्यांत सांगायचो. मेहुण्याने ते चार वेळा तरी ऐकलं असेल, कौतुकाने. त्याचा डाग जामीनदारालाही लागतो हे मला माहीत नव्हतं. मी, हेडक्लार्क!

मी पान उलटलं. पुन्हा मागे आलो.

"झिलान घेतल्यान काय?" त्याने विचारलं. झील म्हणजे मुलगा. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

मी म्हटलं, "कुठल्यातरी कंपनीचं दिसतंय. राहू दे कागद माझ्याकडे, मी चौकशी करतो."

हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. बरीच वर्षं मी एवढ्यावर स्वतःची समजूत घातली. पण कागद मी का ठेवून घेतले ते मला तेव्हाच ठाऊक होतं. त्याच्या मुलाला इंग्रजी येत होतं. त्याच्या हातात ते पान पडलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

त्याच रात्री त्यांच्या घरी भांडण झालं. मुलगा शपथा घेत होता आणि बाप एकच सांगत होता की भावोजींनी वाचलंय. मुलगा म्हणाला, तुम्हाला त्यांचं खरं वाटतंय ना, मग मी काही सिद्ध करणार नाही. महिन्याभरात त्याने बोरिवलीला खोली घेतली. माझ्या बायकोने त्याला फोन करून झाप झाप झापलं. मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. चौकशी कुठवर आली असं मेहुण्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, ही लोकं दाद देत नाहीत. मग त्याने विचारणं सोडलं, सात हजारांचा फोन रोख घेतला आणि तोच वापरला.

पाच वर्षं बापलेक बोलले नाहीत. दर गणपतीत मेहुणा दाराकडे बघत आरतीला उभा राहायचा आणि मी त्याच्या शेजारी टाळ्या वाजवायचो.

गेल्या वर्षी त्याची किडनी गेली. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर पडून होता आणि खिडकी बंद होती, कारण जवळच्या डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास येत होता. मी ठरवून गेलो होतो. घरापासून रिक्षात वाक्यं जुळवत गेलो होतो. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सुरुवात करणार तोच त्याने माझा हात धरला.

"भावोजी, त्या दिवशी दुकानात माझ्या झिलामुळे तुमका मान खाली घालूची लागली. माका माफ करा."

मी म्हटलं, "जाऊ दे रे. विसर आता."

म्हणायचं होतं ते असं. कर्ज माझं होतं. तुझ्या मुलाने एक पैसाही घेतला नव्हता. त्याला बोलावून घे. मला माफ कर.